तोंडी लावायला काय? – जंगल, अन्न आणि आपलं पोषण



गेल्या वर्षी जुलैमध्ये आपल्या एन.एस.एस. युनिटतर्फे हॉस्टेलवर हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर झालं होतं, आठवतंय? सबमिशनच्या गडबडीत, "फुकट आहे ना, मग घेऊ टोचून" असं म्हणत आम्ही रूममेट्स रांगेत उभ्या राहिलो. माझा आकडा आला ९.८. बायकांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन असलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणजेच रक्तक्षय म्हणतात (पुरुषांसाठी ही रेघ १३ वर आहे). मला धक्काच बसला! दोन वेळचं मेसचं जेवण, सकाळचा नाश्ता, वर रात्री मॅगी. उपाशी तर मी एक दिवसही राहिले नव्हते.

तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

"भात, पोळी, बटाटा."

"आणि तोंडी लावायला?"

"लोणचं."

मॅडम हसल्या. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "पालेभाज्या खात जा" असं सांगून त्यांनी पुढचीला बोलावलं.

आधी वाटलं, हा फक्त आपल्या मेसचा प्रॉब्लेम आहे. मग थोडं वाचलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ६८.९ टक्के आहे. म्हणजे दर तीन मुलांमागे दोघं! हे सगळे काही उपाशी झोपणारे नाहीत. पोट भरतंय, पण शरीराला हवं ते मिळत नाही. याला 'छुपी भूक' म्हणतात.

या लेखाचा विषय जंगल आहे. रक्तक्षयावरून मी जंगलात कशी पोहोचले, ते आता सांगते.

गवत की भाजी?

शिबिरानंतरच्या रविवारी हॉस्टेलच्या मागच्या बाजूला आपल्या मेसमधल्या मावशी खाली वाकून काहीतरी खुडत होत्या. मी विचारलं, "मावशी, गवत कशाला काढताय?"

"गवत कुठलं ग, टाकळा आहे हा! तुम्ही पोरी रोज तुडवत जाता त्याला."

मला खरंच लाज वाटली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. भाज्यांची इंग्रजी नावं चित्रांसकट पाठ होती, ब्रोकोली ओळखता येत होती. पण रोजच्या वाटेवरची भाजी ओळखता येत नव्हती. मावशी जव्हारकडच्या. त्या दिवशी त्यांनी मला भाज्यांची जी नावं सांगितली ती मी जर्नलच्या मागच्या पानावर लिहून घेतली. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कोरळ, लोत, शेवळं, कर्टुली, चाई, बांबूचे कोंब... पान भरलं तरी त्यांची नावं संपेनात.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या सगळ्याच भाज्या घनदाट जंगलातल्या नाहीत. टाकळा, कुर्डू पडीक जमिनीवर, बांधावर, रस्त्याकडेला उगवतात. शेवळं, लोत, चाई यांना मात्र झाडांची सावली आणि पालापाचोळ्याची माती लागते. आपल्या भाषेत 'रान' हा शब्द फार सोयीचा आहे. शेतावर निघालेला माणूसही 'रानात जातो' आणि लाकडाला निघालेलाही 'रानात जातो'. शेत, बांध, माळ, जंगल हे सगळं मिळून रान. माणसाला अन्न पुरवण्याचं कामही हे सगळे मिळूनच करतात.

५ किलोंचं गणित

आपण इंजिनिअरिंगवाले. आकडा दिसल्याशिवाय आपल्याला पटत नाही. म्हणून एक सोपं गणित मांडू.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य मिळतं (अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो). ५ किलोंना ३० दिवसांनी भागलं की रोजचे साधारण १६७ ग्रॅम येतात. हा सगळा तांदूळ धरू. १०० ग्रॅम तांदळातून ३५० किलोकॅलरी मिळतात असं मानलं, तर रोजच्या ५८० ते ६०० किलोकॅलरी झाल्या. त्यातून प्रथिनं मिळतात सुमारे १३ ग्रॅम आणि लोह जेमतेम १ मिलिग्रॅम. 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वं शून्य.

आता गरज किती ते बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला दिवसाला २१३० किलोकॅलरी लागतात आणि लोह २९ मिलिग्रॅम. म्हणजे रेशनचा तांदूळ पाव-अर्ध्याच्या मधे कुठेतरी ऊर्जा भरून काढतो. लोहाच्या बाबतीत मात्र २९ पैकी १! हा पेपर असता तर ग्रेस मार्क देऊनही पास झाला नसता.

हे सांगताना रेशनला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. ते धान्य नसेल तर खरीच उपासमार होईल. मुद्दा इतकाच, की धान्य म्हणजे ताटाचा एक भाग. उरलेला भाग आपण ज्याला 'तोंडी लावणं' म्हणतो त्यातून यायचा असतो. डाळ, भाजी, चटणी, मासळी, फळ. लोह, कॅल्शियम, फोलेट, अ आणि क जीवनसत्त्वं हे सगळं तिथे बसलेलं असतं. शहरात तोंडी लावणं बाजारातून येतं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर ते कितीतरी पिढ्या रानातून येत आलंय.

रानाचं टाइमटेबल

मावशींनी सांगितलेलं आणि मी नंतर पुस्तकांत पडताळून पाहिलेलं वर्षाचं टाइमटेबल साधारण असं आहे.

चैत्र-वैशाखात मोहाची फुलं गळतात. पहाटे उठून ती वेचायची आणि वाळवून ठेवायची. मोह म्हटलं की आपल्याला फक्त दारू आठवते. पण ही फुलं साखरेने भरलेली असतात. वाळवलेली फुलं उकडून, भाजून खातात. पुढे फळं येतात, त्यातल्या बियांचं तेल काढतात. याच दिवसांत करवंदं, रायवळ आंबे, फणस आणि मागोमाग जांभळं.

ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की जमिनीतून शेवळं वर येतात. कोरळाची कोवळी पानं फुटतात. ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट चढतात, त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. खेकडेही याच दिवसांत मिळतात. आषाढ-श्रावणात टाकळा, भारंगी, फोडशी, कर्टुली, बांबूचे कोंब आणि वारुळावरची अळंबी. दिवाळीनंतर कंद खणायचे. थंडीत आवळे आणि बोरं. मधूनमधून मध.

आता यातली गंमत बघा. भातशेतीच्या भागात सगळ्यांत कठीण दिवस कुठले? आषाढ ते भाद्रपद. गेल्या वर्षीचं धान्य संपत आलेलं, नवं पीक अजून शेतात उभं, आवणीचं कंबरडं मोडणारं काम आणि हातात पैसा नाही. नेमक्या याच दिवसांत रानात सर्वांत जास्त प्रकारच्या भाज्या असतात. कोठार रिकामं होतं तेव्हा रान भरतं. सिस्टिममध्ये आपण बॅकअप ठेवतो ना, तसा हा निसर्गाचा बॅकअप आहे.

या भाज्यांचं पोषणमूल्यही कमी नाही. गडद हिरव्या पानांत कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं), फोलेट, कॅल्शियम आणि लोह असतं. आवळ्यात संत्र्यापेक्षा कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व असतं. मासे, खेकडे यांतून चांगल्या प्रतीची प्रथिनं मिळतात. मात्र इथे एक मेख आहे. पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. त्यासोबत क जीवनसत्त्व असलेलं काही खाल्लं तर शोषण वाढतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे ते घटतं. तसंच कॅरोटीन शोषलं जायला थोडं तेल लागतं. म्हणजे भाजी, तिच्यावर मोहाचं तेल आणि शेवटी आवळा किंवा करवंद. पाड्यावरच्या जुन्या ताटात हे सगळं होतं आणि त्यासाठी कुणी न्यूट्रिशनचा कोर्स केला नव्हता! आणि आपण? जेवण होतंय न होतंय तोच टपरीवर कटिंग.

चुलीवरचं केमिकल इंजिनिअरिंग

हे सगळं ऐकून मला वाटलं, चला, आपणही उचलू आणि शिजवू. मावशींनी ताबडतोब थांबवलं. "रानातलं सगळंच तसंच खायचं नसतं. खाल्लंस तर घसा धरून बसशील."

याचं कारण असं, की झाडाला पळता येत नाही, म्हणून ते स्वतःच्या अंगात रसायनं तयार करून बचाव करतं. ती काढून टाकायची पद्धत ज्याला माहीत, त्यालाच ते अन्न मिळतं.

शेवळाचंच घ्या. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि प्रचंड खाज सुटते. म्हणून शेवळं चिरून, नीट शिजवून त्यात काकडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंच घालतात, म्हणजे खाज कमी होते. वसई-ठाण्याच्या बाजारात ज्येष्ठाच्या सुमारास शेवळांच्या जुडीबरोबर काकडं विकायला असतात, ती यासाठीच.

बांबूच्या कोवळ्या कोंबांत टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं. त्याचं विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड तयार होतो. होय, तोच सायनाइड! पण तो सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, शिवाय पाण्यात विरघळतो. म्हणून कोंब बारीक चिरायचे, पाण्यात भिजवायचे, झाकण न ठेवता उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. वायू उडून जातो, उरलेला पाण्याबरोबर जातो.

कडूकंद तर नावाप्रमाणे कडू आणि कच्चा खाल्ला तर विषारी. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. आपण युनिट ऑपरेशन्समध्ये 'लीचिंग' शिकतो. पातळ चकत्या म्हणजे पृष्ठफळ वाढवणं. वाहतं पाणी म्हणजे बाहेरचं कॉन्सन्ट्रेशन सतत कमी ठेवणं. सगळी थिअरी तिथे आहे, फक्त वायवा घ्यायला कुणी गेलं नाही.

म्हणून माझ्या मते जंगलातलं अन्न म्हणजे जंगल अधिक ज्ञान. यातलं एक वजा केलं तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही. झाड तोडलं तर आपल्याला निदान दिसतं तरी. हे ज्ञान एखाद्या आजीबरोबर निघून जातं तेव्हा कुठेच नोंद होत नाही.

न दिसणारं योगदान

ईव्हीएसच्या पेपरात 'जंगलाचे उपयोग' लिहिताना आपण ऑक्सिजन, पाऊस, लाकूड लिहून मोकळे होतो. अन्नाच्या संदर्भात जंगल आणखी बरंच काही करतं.

पहिलं, सरपण. कच्च्या कंदाचं अन्न व्हायला आग लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार जगातले सुमारे २.४ अब्ज लोक, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मानवजात, स्वयंपाकासाठी लाकूडफाट्यावर अवलंबून आहेत. चुलीचा धूर बायकांच्या फुप्फुसांना घातक आहे, हेही तितकंच खरं. गॅस पोचायला हवाच. पण पोचेपर्यंत सरपण दूर गेलं की स्वयंपाकच कमी होतो. दोन वेळची चूल एक वेळ पेटते.

दुसरं, राब. सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताची आणि नागलीची रोपं तयार करण्यापूर्वी त्या वाफ्यावर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि माती पसरून उन्हाळ्यात भाजतात. तणाचं बी जळतं आणि राखेचं खत मिळतं. म्हणजे नागलीच्या भाकरीतही जंगलाचा वाटा आहे. आणि नागली काही साधी नाही. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या तीस पटींहून जास्त.

तिसरं, मधमाश्या. जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी पाऊणहून जास्त पिकांचं उत्पादन थोड्याफार प्रमाणात तरी मधमाश्या आणि इतर परागवाहकांवर अवलंबून आहे. या माश्या पीक फुलात नसताना कुठे राहतात आणि काय खातात? रानातल्या झाडांवर. शिवाय ओढ्यांचं पाणी आणि उतारावरची माती धरून ठेवण्याचं काम आहेच.

मग तिथेच कुपोषण का?

हा प्रश्न तुमच्याही डोक्यात आला असेल. इतकं सगळं रानात आहे, तर मग कुपोषणाच्या बातम्या याच भागातून का येतात? १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत (तेव्हा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर जिल्हा) कुपोषणाने मुलं दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. मेळघाटच्या बातम्या तर आपण लहानपणापासून वाचतोय.

मला समजलेली कारणं सांगते.

एक, लहान मुलाचं पोट छोटं असतं. दीड वर्षाचं मूल नुसती पालेभाजी खाऊन वाढू शकत नाही. त्याला थोडक्यात जास्त ऊर्जा देणारं अन्न लागतं. तेल, डाळ, अंडं, मासा. रान हे धान्याला पूरक आहे, धान्याची जागा ते घेऊ शकत नाही. शिवाय पावसाळ्यात जुलाब, ताप, मलेरिया वाढतात, आई दिवसभर आवणीला असते, दवाखाना लांब असतो. आजारी मुलाने खाल्लेलंही अंगी लागत नाही.

दोन, जंगल होतं तसं राहिलं नाही. इंग्रजांच्या काळात १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली आणि इमारती लाकडाला महत्त्व आलं. ठिकठिकाणी मिश्र जंगलाच्या जागी सागाची लागवड झाली. उंचावरून पाहिलं तर दोन्ही हिरवंच दिसतं. पण मोह, जांभूळ, करवंद, कंद असलेलं जंगल आणि ओळीत उभा असलेला साग यांत, ताटाच्या दृष्टीने, भरलेलं भांडं आणि रिकामं भांडं इतका फरक आहे.

तीन, स्थलांतर. हे मला मावशींकडून कळलं. त्यांची मुलगी आणि जावई दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जातात, नातीला घेऊन. सहा महिने तिथे. "तांदूळ असतो ग तिथे," मावशी म्हणाल्या, "मुकादम पोतंच देतो, उचलीतून कापून. पण तोंडी लावायला काय? मिरची अन् मीठ. भट्टीवर कुठलं आलंय रान!" परत आल्यावर अंगणवाडीत वजन केलं तेव्हा नातीचं नाव कमी वजनाच्या यादीत गेलं. ती चार वर्षांची आहे. टाकळा आणि कुर्डू यांतला फरक तिला कळत नाही, कारण ते ओळखायला शिकवणारी आजी आपल्या मेसमध्ये पोळ्या लाटत असते.

हे ऐकून मी गप्प बसले. ९.८ चा आकडा घेऊन स्वतःची कीव करत होते, ती कुठल्या कुठे गेली.

काय बदललं, काय बदलू शकतं

चित्र अगदीच काळं नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि जंगलातलं गौण वनउपज, म्हणजे फुलं, फळं, कंद, मध, बांबू, पानं, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क तिथल्या आदिवासींना व पारंपरिक वननिवासींना कायद्याने मिळाला. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या जे वेचलं, ते कागदावर कित्येकदा चोरी ठरायचं.

या कायद्याने काय होऊ शकतं ते बघायला राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. असे हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबू विकण्यासाठीच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. गावाजवळ स्वतःचं उत्पन्न असेल तर गाव सोडून मजुरीला जायची गरज कमी होते, आणि जंगल आपलं आहे हे माहीत असेल तर माणूस फळाचं झाड राखतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहाच्या फुलांवरची जुनी बंधनंही उठवली.

दुसरीकडे, २०१५ मध्ये राज्याच्या आदिवासी भागात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं पूर्ण जेवण, आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी. म्हणजे नुसतं धान्य पुरत नाही, तोंडी लावणंही द्यावं लागतं, हे धोरणातही आलं. या ताटात त्या त्या गावच्या रानातली भाजी गेली तर? ती वेचणाऱ्या बाईला मजुरी मिळेल, मुलाला चव कळेल आणि ज्ञान एका पिढीने पुढे सरकेल. हे माझं मत आहे, पण मला ते फार अवघड वाटत नाही.

आणि आपण?

आपण हॉस्टेलवर राहून काय करणार, असं म्हणाल. मी काय केलं ते सांगते.

मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये मी टाकळ्याच्या भाजीचा प्रस्ताव मांडला. सगळे हसले. पण मेस सेक्रेटरीने "एकदा करून बघू" म्हटलं. एका बुधवारी मावशींनी कांदा, लसूण आणि चणाडाळ घालून टाकळ्याची भाजी केली. निम्म्याहून जास्त ताटांत ती तशीच उरली. पंधरा दिवसांनी पुन्हा केली, तेव्हा कमी उरली. तिसऱ्यांदा तर दोन मुली "अजून आहे का?" विचारत काउंटरवर आल्या. डिसेंबरमध्ये मी पुन्हा रक्त तपासलं, ११.४ आलं. हे टाकळ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या मी नियमित घेतल्या, तुम्हीही घ्या. भाजीमुळे माझी ताटाकडे बघायची दृष्टी बदलली, एवढं नक्की.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. ओळख पटवणारं जाणकार माणूस सोबत नसेल तर रानातलं काही तोंडात घालू नका, अळंबी तर अजिबात नको. आणि रस्त्याकडेची, सांडपाण्याजवळची किंवा फवारणी झालेल्या जागेवरची भाजी खुडू नका.

फवारणीवरूनच शेवटचा मुद्दा. यंदा जूनमध्ये हॉस्टेलच्या मागच्या पट्ट्यात तणनाशक मारलं गेलं. आठवड्याभरात सगळं पिवळं पडलं. साप निघतात, डास होतात, म्हणून मारलं असणार. कारण समजू शकतं. पण त्यानंतर मावशी तिकडे फिरकल्या नाहीत. बुधवारी पुन्हा बटाटा आला.

म्हणून या लेखातून आपल्या गार्डन कमिटीच्या सरांना आणि रेक्टर मॅडमना एक नम्र विनंती करते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कंपाउंडलगतचा फक्त एक पट्टा फवारणीशिवाय ठेवावा. गवत हाताने कापायला आम्ही एन.एस.एस.च्या मुली-मुलं रविवारी येऊ. मावशी आम्हाला काय कापायचं आणि काय ठेवायचं ते दाखवतील. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या नातीला काही दिवस इकडे घेऊन येणार आहेत. तेव्हा तिला दाखवायला इथे कुर्डूचं एखादं झाड तरी असावं, एवढीच इच्छा.